मुंडी इकडे पडली, मग पाय कोण हलवून राहिलं?

मानेवाड्याचा_बाबा

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण तीन दिवसांपासून आमच्या घरात यावरच खल चालू आहे.

श्रावणभर आमच्याकडे मटण-चिकन बंद. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, करीला, अख्ख्या नागपूरसारखा मीही पिशवी घेऊन रांगेत. या वेळी मुलगी (चौथीत आहे) सोबत होती. तिला महाल भागात मारबतीची मिरवणूक पाहायला न्यायचं होतं, म्हटलं जाता जाता कोंबडा सांगून ठेवू. गावठी होता, अंगानं चांगला. दुकानदारानं एका घावात मुंडी उडवली आणि धड निळ्या ड्रममध्ये टाकलं. मी तिचे डोळे झाकले, पण ती माझ्या बोटांच्या फटीतून पाहून राहिली होती. ड्रममध्ये धाडधाड आवाज. पंख आपटत होते, पाय तर सायकल मारल्यासारखे चालत होते.

"बाबा, मुंडी तर इकडे पडली. मग पाय कोण हलवून राहिलं?"

मी म्हटलं, जीव जायला वेळ लागतो बेटा. (हे माझ्या आईचं उत्तर. लहानपणी मलाही हेच मिळालं होतं.) तर म्हणते, "पण टीचर सांगतात, मेंदूनं सांगितल्याशिवाय हातपाय हलत नाहीत." मी बी.कॉम. झालेला माणूस, यावर काय बोलणार?

खरी पंचाईत पुढच्या प्रश्नानं झाली. "त्याला दुखून राहिलं होतं का?" त्या दिवशी तिनं रस्सा खाल्ला नाही. कढीसोबत पोळी खाल्ली आणि झोपली.

कोणी नीट सांगेल का? पालीची तुटलेली शेपटी वळवळते, तेही हेच प्रकरण का?

---

बर्डीवाला_बंटी

भाऊ, मेंदू एवढा लागत नाही. अमेरिकेत एक कोंबडा मुंडी कापल्यावर दीड वर्ष जगला म्हणतात, व्हॉट्सअॅपवर फोटो आला होता. आमच्या ऑफिसात तर काही जण वीस वर्षांपासून जगून राहिले.

---

ढोराचा_डॉक्टर

मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी कागदावर पशुधन विकास अधिकारी, पण काटोल-नरखेडकडच्या गावांत ३१ वर्षं मला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही. शिकलो सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात. तेव्हा ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखाली होतं, नागपूरचं माफसू, म्हणजे पशुविज्ञानाचं वेगळं विद्यापीठ, २००० साली आलं. आता निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी एका शब्दाचा घोळ काढू. आपण 'नस दबली' म्हणतो आणि 'नस कापली'ही म्हणतो. कंबर धरते तेव्हा दबते ती चेता. रक्त उडतं ती रक्तवाहिनी. रक्तवाहिनी पोकळ असते, चेता भरीव पांढऱ्या सुतळीसारखी. कॉलेजात पहिल्या वर्षी फॉर्मालिनच्या वासात डोळे चोळत आम्ही रेड्याच्या मांडीतून ती सुतळी मोकळी करायचो. मांडीतली सगळ्यात मोठी चेता माझ्या अंगठ्याएवढी जाड होती. त्या दिवसापर्यंत मीही तिला रक्ताचीच नस समजत होतो.

आता तुमच्या ताटाकडे या. मटणात मणक्याचा तुकडा आला की त्याच्या भोकात एक पांढरी मऊ बत्ती असते. पोरं ती चोखून काढतात. तीच मेरुरज्जू. कवटीतला भेजा आणि ही बत्ती मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. दर दोन मणक्यांमधून डावी-उजवीकडे एकेक चेता बाहेर पडते. माणसात अशा ३१ जोड्या, गाईला शेपटी लांब म्हणून तिच्यात जास्त. प्रत्येक चेतेला आत शिरताना दोन मुळं असतात. पाठीकडचं मूळ अंगाची खबर आत आणतं, पोटाकडचं मूळ स्नायूंना हुकूम बाहेर नेतं. अंगभर पसरलेल्या या सगळ्या फाट्यांना परिघीय चेतासंस्था म्हणतात. पोराटोरांना पाठ करायला लावतात ती नावं एवढीच, बाकीचं कामातून कळतं.

तुमच्या मुलीच्या टीचर चुकल्या नाहीत, पण त्यांनी मेरुरज्जूला नुसती वायर समजून सोडून दिलं. बत्ती आडवी कापून पाहिली तर बाहेरून पांढरी आणि आत राखाडी गर दिसतो. पांढरा भाग म्हणजे वर-खाली जाणारे तंतू. राखाडी गरात चेतापेशी राहतात, आणि तिथं निर्णय होतात. सगळ्या फायली मुंबईला मंत्रालयात जात नाहीत ना? बऱ्याचशा तहसील कचेरीतच निकाली निघतात. तसंच आहे हे.

तव्याला बोट लागतं तेव्हा पाहा. हात आधी मागे येतो, "आई गं" नंतर निघतं. बोटातून खबर मानेजवळच्या मेरुरज्जूत गेली, तिथूनच स्नायूंना परत हुकूम सुटला, हात उचलला. मेंदूला फक्त त्याची नक्कल प्रत गेली. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

कोंबड्यात याहून पुढचं आहे. एक पाय पुढे तर दुसरा मागे, दोन्ही पंख एकदम वर आणि एकदम खाली, हा ताल जुळवणारी पेशींची जाळी मेरुरज्जूतच बसलेली असते. पंखांची जाळी मानेच्या बुडाशी, पायांची कमरेत. मेंदू पाय उचलायचा हिशोब करत बसत नाही. तो चाल म्हणतो, वळ म्हणतो, आणि बहुतेक वेळ गप बस म्हणतो. घाव बसला की गप बस म्हणणारा गेला. वरून घावानंच तुटलेले तंतू चाळवले जातात. खालच्या पेशींत आणि स्नायूंत थोडा साठा शिल्लक असतो, तेवढ्यावर यंत्र चालत राहतं. रक्त थांबलेलं असतं, ऑक्सिजन नवा येत नाही, मिनिट-दोन मिनिटांत थंड. सायकल मारल्यासारखे पाय हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. तो पळण्याचाच ताल होता, फक्त खाली जमीन नव्हती.

पालीची शेपटी तीच जात. तिच्या शेपटीच्या मणक्यांत तुटायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, आणि तुटलेल्या तुकड्यात मेरुरज्जूचा तुकडा सोबत जातो. मांजर वळवळणाऱ्या तुकड्यामागे लागतं, पाल निसटते.

आता एक खेड्यातली गोष्ट. मेरुरज्जू मजल्या-मजल्यानं कशी बांधली आहे ते मला पुस्तकापेक्षा इथं जास्त कळलं. व्यायल्यावर कधी गाईचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येतं, ते आत ढकलायचं तर ती कुंथायची थांबली पाहिजे. मग शेपटी हाताच्या पंपासारखी वर-खाली करायची. बुडाशी जिथं पहिला हलता सांधा लागतो, तिथं मधोमध सुई घालायची आणि पाच-सहा मिली लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध सोडायचं. गाईची मेरुरज्जू तोवर, माकडहाडाच्या वरच, संपलेली असते. इथं उरतात फक्त खाली लोंबणाऱ्या चेता, घोड्याच्या शेपटीसारख्या झुपक्यात. म्हणून सुईनं रज्जूला इजा होत नाही. दोन-चार मिनिटांत शेपटी ओल्या दोरीसारखी लटकते, कुंथणं थांबतं, आणि गाय मात्र उभीच! शेतकरी शेपटी उचलून-सोडून पाहत, हसत. पायांच्या मोठ्या चेता वरच्या मजल्यावरून निघतात, तिथवर औषध पोचलेलं नसतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी घाई केली. गाय दांडगी होती, म्हटलं थोडं जास्तच टाकू. औषध आतल्या आत पुढं चढलं आणि पाच मिनिटांत गाय मागच्या बाजूनं बसली ती उठेना. म्हातारी मालकीण अंगणात आरडाओरडा करू लागली, "डॉक्टरनं माझी गाय लुळी केली रे!" अर्धं गाव जमलं. मी गोठ्यात तीन तास बसून होतो, चहा कोणी विचारला नाही. दिवे लागायच्या वेळेला औषध उतरलं आणि गाय झटकन उठून कडबा खाऊ लागली. तेव्हापासून मिली मोजूनच.

बंटीभाऊ, तुमचा कोंबडा खोटा नाही. कोलोरॅडोतल्या फ्रूटा गावचा, नाव माईक, १९४५ सालचा. घाव जरा वर बसला. मोठा मेंदू गेला, पण मेंदूचा बुंधा बहुतेक शाबूत राहिला आणि एक कानही. श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारं मस्तिष्कपुच्छ त्या बुंध्यातच असतं. मानेची मोठी रक्तवाहिनीही चुकली. मालकानं ड्रॉपरनं थेट अन्ननलिकेत दूध-पाणी घालून दीड वर्ष जगवला. म्हणजे तो पूर्ण बिनमेंदूचा नव्हता. तुमच्या ऑफिसचं मला माहीत नाही.

---

चिकनवाला_नंदनवन

डॉक्टरसाहेब बरोबर बोलले. मी पंधरा वर्षांपासून धंद्यात आहे. मुंडी पूर्ण वेगळी नाही केली, फक्त गळ्याची नस कापली, तरी फडफड होतेच, फक्त थोडी उशिरा सुरू होते. कोन असते आमच्याकडे पत्र्याची, तिच्यात उलटं ठेवलं की पंख आपटत नाहीत, मांसाला काळे डाग पडत नाहीत. ड्रमची पद्धत जुनी. अन् पोरीबाळींना दुकानासमोर उभं नका करू भाऊ, फोन करा, कापून तयार ठेवतो.

---

मानेवाड्याचा_बाबा

डॉक्टरसाहेब, खूप आभार. बत्तीचं तिला सांगितलं, तर म्हणते, "म्हणजे आपण मेंदूची शेपटी खातो." पुढच्या वेळी खाईल की नाही देव जाणे.

पण दुखण्याचं राहिलं. धड एवढं तडफडत होतं. तडफडणं म्हणजे दुखणंच ना? आणि दुसरं, माझा भाचा दहावीत आहे. तो म्हणे चेतापेशी एकमेकींना जोडलेल्याच नसतात. मग खबर जाते कशी?

---

ढोराचा_डॉक्टर

मुद्दाम टाळलं होतं, कारण हे दोन ओळीत होत नाही.

निवृत्तीनंतर मी रिंग रोडच्या अलीकडे छोटा दवाखाना टाकला. एकदा रात्री एक कुटुंब पांढरा पामेरियन घेऊन आलं. स्कूटरनं उडवलेला. पुढचे पाय ठीक, मागचे ओढत होता. टेबलावर घेतला आणि मागच्या पायाचं बोट चिमट्यानं दाबलं. त्यानं पाय झटकन ओढून घेतला. घरातल्या ताईंनी टाळीच वाजवली, "हलवला! डॉक्टर, हलवला!"

माझं लक्ष पायाकडे नव्हतं, तोंडाकडे होतं. मी आणखी जोरात, अगदी हाडावर दाबलं. पाय पुन्हा ओढला गेला. कुत्रा समोर भिंतीकडे पाहत जीभ काढून धापत होता. वळला नाही, गुरगुरला नाही, कान हलले नाहीत. मग पुढच्या पायाचं बोट नुसतं धरलं तर माझ्या हातावर दात आले.

त्याची मेरुरज्जू पाठीच्या मध्यात चिरडली होती. कमरेतली तहसील कचेरी चालू होती. खबर येत होती, हुकूम सुटत होता, पाय हलत होता. वर जाणारा रस्ताच तुटलेला, म्हणून त्या चिमट्याची त्याला गंधवार्ता नव्हती. पाय ओढणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या ताईंना ते समजावून सांगणं माझ्या नोकरीतल्या कुठल्याही ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

तर ड्रममधल्या धडाला दुखत नव्हतं. दुखणं मेंदूत तयार होतं आणि मेंदू तिथं नव्हता. मुंडीचं मात्र मी छातीठोक 'काहीच नाही' म्हणणार नाही. रक्त तुटलं की शुद्ध जाते, पण त्याला काही सेकंद लागतात, कधी त्याहून थोडे जास्तही. म्हणजे दुखलं असेल तर ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं त्या छोट्या तुकड्याला, आणि थोडाच वेळ. मुलीला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या नातीला मी सगळं सांगितलं असतं.

दुखण्याच्या खबरीही दोन वेगांनी येतात. पलंगाच्या पायाला करंगळी आपटते तेव्हा आधी चटका आणि मग, हळूच, तो नको नको करणारा ठणका. चटक्याची खबर चरबीचं वेष्टण असलेल्या तंतूंतून धावते. ठणका आणणारे तंतू उघडे आणि बारीक, सेकंदाला मीटरभर चालतात. सगळ्यात जाड, वेष्टण असलेले तंतू याच्या शंभरपट वेगानं, म्हणजे सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास खबर नेतात.

आता भाच्याचं. त्याचं बरोबर आहे, आणि हे मी विदर्भात राहून शिकलो. चेतापेशीला खबर घेणाऱ्या फांद्या असतात, त्यांना वृक्षिका म्हणतात, आणि खबर पुढं नेणारा एक लांब अक्षतंतू असतो. बैलाच्या मागच्या पायात असा एकेक तंतू कमरेपासून खुरापर्यंत अखंड जातो. पण टोकाला पोचल्यावर पुढच्या पेशीआधी फट असते. तंतूभर वीज येते, फटीपाशी ती संपते, आणि तिथून रसायन सांडतं. समोरची पेशी ते टिपते आणि खबर पुढं जाते. १९२१ साली ऑटो लोवी यांनी दोन बेडकांच्या हृदयांवर हे दाखवलं. एका हृदयाची चेता चाळवून ते मंद केलं, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर सोडलं, तर दुसरंही मंद झालं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. ते रसायन म्हणजे असिटिलकोलिन. स्नायूंना हुकूम मिळतो तोही याच रसायनानं.

सांडलेलं लगेच पुसावंही लागतं, नाही तर हुकूम थांबणारच नाही. त्यासाठी फटीत एक विकर (एन्झाइम) बसलेलं असतं. आणि आपली कितीतरी फवारणीची औषधं, मोनोक्रोटोफॉससारखी, नेमकं ते पुसणारं विकरच बंद पाडतात. किडीत तेच, बकरीत तेच, माणसात तेच.

काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत फवारणीनंतर दोन तासांत बकऱ्या शिरल्या होत्या. मी पोचलो तेव्हा तोंडातून लाळेच्या तारा, हगवण, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि कातडीखाली स्नायू नुसते थरथरत होते. सगळे हुकूम एकदम चालू आणि बंद करणारा कोणी नाही. अट्रोपीन टोचलं, लाळ आटेपर्यंत पुन्हा पुन्हा. अट्रोपीननं लाळ थांबते, श्वास मोकळा होतो, पण थरथर थांबत नाही, कारण स्नायूंच्या फटीत त्याचं काही चालत नाही. त्यासाठी वेगळं औषध लागतं आणि ते त्या दिवशी माझ्या पेटीत नव्हतं. नऊपैकी पाच वाचल्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. पेपरात ते वाचताना मला त्या बकऱ्यांच्या बाहुल्या आठवत होत्या.

---

प्राणिशास्त्र_अकरावी_ब

ज्युनिअर कॉलेजला शिकवते, म्हणून राहवत नाही. मुलीला आवडेल असं एक सांगा. झुरळाची मुंडी गेली तरी ते आठवडाभर, कधी जास्तही जगतं. त्याचा श्वास तोंडातून नसून अंगाच्या बाजूच्या छिद्रांतून चालतो, आणि आपल्यासारखा रक्तदाब नसल्यामुळे भळाभळा रक्तही जात नाही. आपली चेतारज्जू पाठीकडून जाते, त्याची पोटाकडून. दुहेरी, आणि तिच्यावर जागोजागी पेशींच्या गाठी: छातीत तीन, पोटात सहा. पाय हलवायचं काम छातीतल्या गाठी करतात. शेवटी ते मरतं ते बहुधा पाणी पिता येत नाही म्हणून. हायड्रा या पाण्यातल्या बारक्या जीवाला तर ना मेंदू ना रज्जू, अंगभर नुसती जाळी.

डॉक्टरसाहेब, बकरीचं उदाहरण उद्या वर्गात वापरते. परवानगी धरून चालते.

---

बर्डीवाला_बंटी

मी आलो होतो टाईमपासला अन् आता घरातल्या झुरळाकडे वेगळ्या नजरेनं पाहून राहिलो.

---

मानेवाड्याचा_बाबा

डॉक्टरसाहेब, काल रात्री तिला सगळं वाचून दाखवलं, मुंडीचं सुद्धा. थोडा वेळ गप्प बसली. मग खुर्चीवर बसून मला गुडघ्याखाली बेलण्यानं मारायला लावलं. तिसऱ्या वेळी पाय उडाला, तर घरभर नाचत होती, "मी नाही उडवला, कमरेनं उडवला!" आजीच्या गुडघ्यावरही प्रयोग झाला, आजीनं बेलणं जप्त केलं.

तिनं एवढंच विचारायला सांगितलं आहे, त्या पांढऱ्या कुत्र्याचं पुढे काय झालं?

---

ढोराचा_डॉक्टर

तिला सांगा, राहिला. मागचे पाय परत आले नाहीत. माझ्या दवाखान्याशेजारच्या वेल्डरनं पाईप आणि लहान मुलांच्या सायकलची चाकं लावून गाडी करून दिली. लघवी त्याच्या हाती नव्हती, पोट दाबून करवावी लागायची, दिवसातून तीन वेळा. ताईंनी चार वर्षं केलं, एक दिवस चुकवला नाही. दर महिन्याला माझ्याकडे आणायच्या. मला पाहिलं की चाकं खडखडवत यायचा, पुढचं सगळं अंग आनंदानं हलायचं. शेपटी मात्र तशीच लटकलेली.